चार तासांवर परतलेल्या माणसाला चारच तासांचं काम द्या

कमी तासांवर कामावर परतलेल्या सहकाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या सर्वांना, त्यांच्या विभागप्रमुखांना आणि कर्मचारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांमधली रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्यावर बरीच चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण कर्करोगाच्या उपचारानंतर, बायपासनंतर किंवा पक्षाघातानंतर ज्याला दिवसाचे चार-पाच तासच काम झेपतं, त्याचं काय, हे त्या चर्चेत कुणी विचारलं नाही. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा कामाचे तास जास्तीत जास्त किती असावेत हे सांगतो. मोठ्या आजारानंतर ते काही काळ कमी करून मागण्याचा हक्क त्यात नाही. म्हणून सगळं साहेबाच्या चांगुलपणावर चालतं. केबिनमध्ये बोलणं होतं, "बरं, दोन-तीन महिने तीनला निघत जा," आणि विषय तिथेच संपतो. कागद होत नाही. उरलेलं काम कोणी करायचं हे ठरत नाही. शेजारच्या टेबलावर कुणी काही कळवत नाही, तिथे फक्त तीन वाजता रिकामी झालेली खुर्ची दिसते.

त्या खुर्चीकडे बघून पुढे जे बोललं जातं, त्याबद्दल हे पत्र आहे. आम्ही रुग्णालयांच्या समाजसेवा विभागांत, व्यवसायोपचारात (ऑक्युपेशनल थेरपीत) आणि आस्थापनांच्या मनुष्यबळ विभागांत काम करणारी माणसं आहोत. आजारी माणसाला पुन्हा कामावर बसवण्याची घडी नेमकी कुठे विस्कटते, हे आम्हाला माहीत आहे.

आधी एक गोष्ट मान्य करतो. हे बोलणारी माणसं वाईट नसतात. सहकारी रुग्णालयात होता तेव्हा यांनीच वर्गणी काढली, प्लेटलेट्स द्यायला रांगेत उभी राहिली, डबे पोचवले. कामावर परतल्यानंतर पहिले काही आठवडेही सगळे सांभाळून घेतात. मग हळूहळू सूर बदलतो. आजार डोळ्यांना दिसतो, त्याची कीव येते. बरं होण्याचा काळ लांबलचक असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

"दिसायला तर ठणठणीत आहे." हे वाक्य सगळ्यात जास्त कानावर येतं. केमोथेरपीनंतर काही महिन्यांत केस परत येतात, चेहरा भरतो. थकवा मात्र मागे राहतो, आणि हा थकवा तुम्हाआम्हाला रात्री उशिरा झोपल्यावर येतो तसा नसतो. आठ तास झोपूनही तो उतरत नाही. उपचार संपल्यावर अनेकांना तो कित्येक महिने पुरतो. काही औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात. मग कीबोर्डवर चुका वाढतात, नोटा मोजताना दोन एकदम सरकतात, शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. ज्यांची केमो चालू असतानाच कामावर येणं होतं, त्यांचं चक्र बहुधा २१ दिवसांचं असतं. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत सर्दी झालेल्या माणसाने बंद खोलीत शेजारी बसणं त्यांना महागात पडू शकतं. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कायम राहतो. कपाटाच्या वरच्या फळीवरून फायलींचा गठ्ठा काढ, असं तिला सांगू नका.

डायलिसिसचं गणित वेगळं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. जाणं-येणं, सुया टोचणं, नंतर रक्तदाब स्थिरावेपर्यंत थांबणं धरलं, तर सहा तास सहज जातात. केंद्रावरची वेळ ठरलेली असते, तुमची मीटिंग पुढे सरकली म्हणून ती सरकत नाही. आणि हे तीन महिन्यांपुरतं नसतं. प्रत्यारोपण होईपर्यंत, किंवा जन्मभर, असंच चालणार असतं. "अजून किती दिवस?" असं विचारणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. पक्षाघातानंतर चालणं-बोलणं पूर्ववत झालं तरी एका वेळी दोन माणसं बोलत असताना लक्ष ठेवणं कठीण जातं, गोंगाटात डोकं लवकर शिणतं. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापलेलं असतं, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर जड उचलायचं नसतं. क्षयरोगाच्या साध्या प्रकाराचा उपचार सहा महिन्यांचा असतो. डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिल्यावर त्या माणसाचं टेबल दुसरीकडे हलवा म्हणून सह्या गोळा करू नका.

"सकाळी तर झपाट्याने काम करतो, मग दुपारी काय होतं?" नेमकं हेच होतं. ताकद सकाळी असते ती असते, जेवणानंतर ओसरते. "रविवारी लग्नात दिसली होती की," याचंही उत्तर असंच आहे. एका दिवसाच्या दगदगीचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चुकवावा लागतो. लग्नाला दोन तास जाता यावं म्हणून तिने शनिवारभर अंथरूण धरलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही.

"आम्हालाही बीपी-शुगर आहे, आम्ही नाही तास कमी मागत." या बोलण्यात तथ्य आहे, ते टाळायला नको. इन्सुलिन घेणाऱ्याला ठरल्या वेळी खायला मिळालं नाही तर साखर घसरते. त्यासाठी पंधरा मिनिटांची सुट्टी हवी असेल तर ती मागा, आम्ही तुमच्याही बाजूने उभे राहू. सोय रोगाच्या नावावरून न ठरता गरजेवरून ठरायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाजवी सोय', म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे व्यवस्थेत योग्य तो बदल करून देणं, ही कल्पना आहे. पण त्या कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसिमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहेत, कर्करोग आणि निकामी झालेलं मूत्रपिंड नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढायचं नाही की पदावनत करायचं नाही, ही स्पष्ट तरतूदही सरकारी आस्थापनांसाठी आहे. खासगी कार्यालयातला कर्करुग्ण या दोन्हींच्या बाहेर राहतो.

"पगार पूर्ण, काम अर्धं." हे बहुतेक ठिकाणी खोटं असतं. तास कमी केलेल्या माणसाचा पगार त्या प्रमाणात कापला जातो, नाहीतर रोज अर्धी रजा खर्ची पडते. दुकाने व आस्थापना कायद्याखाली वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात. अर्जित रजा कामाच्या २० दिवसांमागे एक, आणि साठवता येतात जास्तीत जास्त ४५. रोज अर्धी वापरली तर या ४५ रजा पाच दिवसांच्या आठवड्यात १८ आठवडे पुरतील. पण त्या तोवर उरतात कुठे? शस्त्रक्रिया आणि रेडिएशनमध्येच त्या संपलेल्या असतात. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांना कर्मचारी राज्य विमा योजनेतून आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, आणि यादीतल्या दीर्घ आजारांत त्यापुढे ८० टक्के मिळतात. अट अशी की ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ नाही. चार तास येऊन बसलं तर दिवसभराचा लाभ गेला. म्हणजे माणूस एक तर पूर्ण आजारी, नाहीतर पूर्ण धडधाकट. मधली पायरीच नाही. स्वीडनमध्ये आजारपणाचा भत्ता पाव, अर्धा, पाऊण किंवा पूर्ण अशा चार मापांत मिळतो. फिनलंडने अर्धवेळ आजारपण भत्ता २००७ मध्ये आणला. जर्मनीत टप्प्याटप्प्याने परतण्याच्या काळात माणूस कागदोपत्री आजारीच धरला जातो आणि विम्याचा भत्ता चालू राहतो. आपल्याकडे ती पायरी कार्यालयालाच बांधावी लागते.

आता ज्या तक्रारीत सहकाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, तिच्याकडे येतो. "त्याचं काम आमच्या डोक्यावर." हो, येतं. विभागप्रमुखांनो, हा भाग तुमच्यासाठी आहे.

तुम्ही तास कमी करता, काम कमी करत नाही. आकडे मांडून बघा. आठ तासांच्या दिवसातले दोन तास मीटिंग, मेल आणि अहवालांत जातात असं धरू. हाताशी राहिलेलं खरं काम सहा तासांचं. आता तोच माणूस चार तास येतो, पण मीटिंग आणि मेल तेवढेच ठेवले, तर खऱ्या कामाला दोन तास उरतात. तास निम्मे झाले आणि काम एक तृतीयांशावर आलं. तुम्ही हिशेब निम्म्याचा धरलेला असतो, म्हणून तो मागे पडतोय असं सगळ्यांना वाटू लागतं, त्याला स्वतःलाही. मग तो घरी जाऊन रात्री लॅपटॉप उघडतो, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात पुन्हा अंथरूण धरतो. कामावर परतण्याची घडी बहुतेक वेळा इथेच मोडते. तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या मीटिंग कापा. ज्या उरतील त्या दुपारी साडेबाराच्या आत घ्या.

मागे राहिलेले आठवड्याचे २० तास कुणाचे, हा दुसरा हिशेब. पाच जणांच्या गटात ते बाकी चौघांवर पडले, तर प्रत्येकी आठवड्याला ५ तास होतात. बारा आठवड्यांत प्रत्येकी ६०. इतका भार कुणावर न विचारता टाकला, तर राग येणारच, आणि तो तुमच्याकडे न येता तीन वाजता उठणाऱ्याकडे जातो, कारण समोर तो दिसतो. या २० तासांची यादी लिहून काढा. पुढे ढकलता येण्याजोगं पुढे ढकला, आणि ज्या अहवालाविना कुणाचं अडत नाही तो बंद करा. उरलेल्यासाठी तात्पुरता माणूस घ्या किंवा जादा वेळेचे पैसे द्या. दुकाने व आस्थापना कायद्याच्या कक्षेतल्या कामगाराला जादा वेळेचा दर दुप्पट आहे, आणि तो द्यायचा असतो. आजारी माणसाचा पगार कापला असेल तर ती वाचलेली रक्कम याच कामासाठी वापरा. ती कंपनीच्या खात्यात जिरवायची आणि गटाला "जरा समजून घ्या" म्हणायचं, हे आम्हाला मान्य नाही.

डॉक्टरांचा दाखला हाही कच्चा दुवा आहे. 'हलके काम द्यावे' एवढ्या ओळीचा कार्यालयाला काही उपयोग नाही. दाखल्यात दिवसाला किती तास, आठवड्याला किती दिवस, किती किलोपर्यंत उचलायचं, सलग किती वेळ बसायचं, प्रवास कोणत्या वेळी टाळायचा आणि पुन्हा तपासणी कधी, हे असावं. रोगाचं नाव नसलं तरी चालतं. मनुष्यबळ विभागाने हे सहा मुद्दे छापलेला एक साधा कागद तयार ठेवला आणि रुग्णाच्या हाती दिला, तर डॉक्टर तो दोन मिनिटांत भरतात.

टप्पे कसे ठेवायचे? एक चालणारा नमुना देतो. पहिले दोन आठवडे सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास. पुढचे दोन आठवडे पाचही दिवस चार तास. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पाच तास, नवव्या ते बाराव्या आठवड्यात सहा. मग डॉक्टरांना विचारून पुढचं. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. दिवस आणि तास एकदम वाढवले की काय झेपलं नाही तेच कळत नाही. नवा टप्पा केमोच्या किंवा मोठ्या तपासणीच्या आठवड्यात सुरू करू नये. झेपलं नाही तर एक पायरी खाली यावं, दोन आठवडे थांबावं आणि पुन्हा चढावं. याला अपयश म्हणत नाहीत, आणि फायलीतही तसं लिहू नका. मुंबईत प्रवासाचा विचार तासांइतकाच महत्त्वाचा आहे. कल्याणहून सकाळी आठच्या गर्दीत उभं राहून आलेला माणूस टेबलाशी पोचेपर्यंत अर्धा संपलेला असतो. त्याला ११ ते ३ अशी वेळ द्या. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णांना बसता येतं हेही सांगा, अनेकांना ते माहीत नसतं. दोन दिवस घरून काम दिलंत तर तिथेही चार तास म्हणजे चारच तास. दुपारी तीननंतर त्याचा फोन वाजवू नका.

पगाराच्या कागदांतही एक खाच आहे. समजा, मूळ पगार ३०,००० रुपये आणि सेवा १८ वर्षांची. शेवटच्या पगारावर, महिन्याचे २६ दिवस धरून वर्षाला १५ दिवस या हिशेबाने ग्रॅच्युइटी ३,११,५३८ रुपये होते. पगार निम्मा झाल्यावर त्याने नोकरी सोडली आणि सगळी वर्षं निम्म्या पगारावर मोजली, तर ती १,५५,७६९ वर येते. आजाराने आलेल्या असमर्थतेमुळे पगार कमी झाला तर आधीच्या वर्षांची ग्रॅच्युइटी आधीच्याच पगारावर धरायची, अशी तरतूद कायद्यात आहे. पण आदेशात 'कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून वेतन कमी करण्यात येत आहे' असं लिहिलेलं असलं की पुढे वाद होतो. म्हणून आदेशात आजाराचं कारण स्पष्ट हवं, त्यासाठीही रोगाचं नाव लागत नाही. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा पूर्णवेळ कर्मचाऱ्यांपुरताच आहे का, हेही आधी तपासा. उपचार चालू असताना विमा तुटणं यासारखी दुसरी आपत्ती नाही.

सहकाऱ्यांना नेमकं काय कळवायचं? वेळ, कोणतं काम कुणाकडे गेलं, आणि पुन्हा कधी ठरवायचं, या तीनच गोष्टी. "अमुक तारखेपासून त्यांची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३ राहील. मासिक ताळेबंद आणि ग्राहकांचे फोन या काळात अमुक जण बघतील, त्यासाठी त्यांचं अमुक काम पुढे ढकललं आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा ठरवू." एवढा मजकूर गटाला पाठवा, आणि पाठवण्यापूर्वी त्या व्यक्तीला दाखवा. आजाराबद्दल सांगायचं की नाही, किती सांगायचं, हे तिचं तिने ठरवावं. अधिकृत शब्द नसला की रिकामी जागा कुजबुज भरून काढते.

आणि सहकाऱ्यांनो, जास्तीच्या मायेनेही माणूस दुखावतो. "तुला त्रास नको" म्हणून तिच्याकडचं चांगलं काम काढून घेऊ नका. दहा वर्षं ग्राहक सांभाळलेल्या बाईला परतल्यावर फक्त नोंदी उतरवायला बसवलं, तर ती तासांपेक्षा त्याने जास्त खचते. काम थोडं द्या, पण तिच्या कुवतीचं द्या. न विचारता काढे-पथ्यं सांगू नका. "आमच्या ओळखीत एकाचं असंच परत उलटलं," हे तर कधीच नको. ती तीनला उठली की "झाला का दिवस?" असं विचारू नका. सगळ्यांच्या देखत आपण चोरासारखे निघतोय असं वाटण्याची भीती अनेकांना इतकी असते की ती टाळायला माणसं पाच-पाचपर्यंत बसून राहतात.

आमच्या मागण्या अशा.

कमी तासांची प्रत्येक व्यवस्था लेखी करा. त्यात तास, दिवस, कमी केलेलं काम, ते काम घेणाऱ्यांची सोय आणि पुनर्विचाराची तारीख असू द्या. वार्षिक मूल्यमापनात लक्ष्यही त्याच प्रमाणात कमी करा, चार तास येणाऱ्याची तुलना आठ तास येणाऱ्याशी नको. आणि ज्यांनी भार उचलला त्यांच्या मूल्यमापनात तो नोंदवा.

कर्मचारी संघटनांनी पुढच्या करारात आजारानंतर टप्प्याने परतण्याचं कलम मागावं. स्तनपानासाठी मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन विश्रांती देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. तिथे कार्यालयं कामाची वेळ सांभाळून घेऊ शकतात, तर इथेही शकतात. सभासदांपैकी कुणी आजारी सहकाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन आलं, तर ती त्या सहकाऱ्यावर न ठेवता कामाच्या वाटपाची तक्रार म्हणून व्यवस्थापनापुढे न्या.

राज्याच्या कामगार विभागाने कामाच्या तासांचे नियम हाती घेतलेच आहेत, तर त्यात गंभीर आजारानंतर किमान बारा आठवडे टप्प्याने परतण्याचा हक्क घालावा. राज्य विमा योजनेत अर्ध्या दिवसाचा लाभ मिळावा यासाठी केंद्राकडे लेखी मागणी करावी.

हे वाचणाऱ्या विभागप्रमुखांकडे आत्ता कुणाचा तरी परत रुजू होण्याचा अर्ज आला असेल. त्यांनी त्या माणसाच्या पहिल्या सोमवारच्या आधी २० तासांची यादी करावी, त्याच्याबरोबर बसून ती वाचावी, आणि शुक्रवारी गटाला वरच्या तीन गोष्टी कळवाव्यात.

आपले,
आजारानंतर कामावर परतणाऱ्यांसोबत काम करणारे आम्ही काही जण